पहिल्या क्रमांकाचा प्रश्न

"अभिनंदन, ताई. तुमचं काम झालं," आरोग्य खात्याचा उपसचिव म्हणाला, तेव्हा ती सभागृहाबाहेरच्या आरशासमोर उभी राहून चष्मा पुसत होती. डोळ्यांवर चष्मा नसल्यामुळे तिला त्याचा चेहरा दिसला नाही, नुसता एक हसरा गोल दिसला. कोणतं काम, असं तिनं विचारलं. आमदाराकडे सकाळी डोळे उघडल्यापासून इतकी कामं येतात की कोणतं झालं आणि कोणतं तुंबलं याचा पत्ता लागत नाही. कुणाच्या पुतण्याची बदली, कुणाच्या गल्लीतलं गटार. उपसचिव जरा जवळ आला. त्या खात्यातली माणसं आनंदाची बातमीसुद्धा आजाराचं निदान सांगितल्यासारखी हळू आवाजात सांगतात. तुमच्या भागातलं ते डायलिसिसचं केंद्र, तो म्हणाला. काल संध्याकाळी अग्निशमनवाल्यांना पाठवून सील करून टाकलं. मंत्रीसाहेबांचीच तशी इच्छा होती, की उत्तरात 'कारवाई करण्यात येईल' असं मिळमिळीत काही नको, 'कारवाई केली' असं ठणठणीत पाहिजे. एवढं बोलून तो फाइल छातीशी धरून लगबगीनं पुढे गेला आणि सदस्यांना आत बोलावणारी घंटा वाजायला लागली.

तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. आरशात एक जाडसर, नीट केस विंचरलेली बाई उभी होती. आज ताईचा डायलिसिसचा वार. ताई म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण. मतदारसंघातली झाडून सगळी माणसं, तिच्या वडिलांच्या वयाचीसुद्धा, तिला ताई म्हणत. पण तिला स्वतःला ताई म्हणायला माणूस एकच होतं आणि ते माणूस तिला बारकी म्हणायचं. पन्नाशी उलटलेल्या, लिफ्टमध्ये शिरली की बाकीच्यांनी अंग चोरावं अशा बाईला बारकी म्हणणारं जगात आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. ताईची मूत्रपिंडं कधीच निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा सकाळी ती घरापासून चालत त्या केंद्रात जायची, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, आणि दुपारपर्यंत यंत्राला जोडलेली खुर्चीत पडून राहायची. या वेळेला ती स्वेटरची डावी बाही उघडत असेल. त्या बाहीची शिवण तिनं स्वतः उसवून तिला बटणं लावली होती, म्हणजे स्वेटर न काढता हात पुढे करता येतो. त्या हातात कोपराखाली डॉक्टरांनी जाणूनबुजून फुगवलेली एक शीर होती. तिच्यावर बोटं ठेवली की आत काहीतरी अखंड गुरगुरत असायचं. पहिल्यांदा ताईनं तिचा हात ओढून तिथं ठेवला तेव्हा ती दचकली होती, आणि ताई म्हणाली होती, घाबरतेस काय, मांजर पाळलंय. तेव्हापासून भेटली की आधी ती त्या शिरेवर बोटं ठेवून बघायची. गुरगुर लागली की जीव भांड्यात पडायचा. आता दाराला सील आहे आणि ताई बाही उघडून कुठं उभी असेल, हे तिच्या डोक्यात बसेना. तिनं भावोजींना फोन लावला. फोन वाजत राहिला, वाजत राहिला आणि बंद पडला.

आत जायला हवं होतं. पहिला प्रश्न तिचा होता, आणि नाव पुकारल्यावर सदस्य जागेवर नसेल तर प्रश्न बाद होतो. तिनं दाराच्या पितळी दांड्याला हात लावला आणि दांडा थंड असूनही तिला धुराचा दिवस आठवला. तो दिवस ती आठवायला जात नसे. तो आपणहून यायचा, बहुधा बंद जागेत शिरताना. त्या दिवशी भावोजींना दात काढायचा होता म्हणून ताईच्या सोबतीला ती गेली होती. स्टुलावर बसून ती कसलीतरी भाषणं चाळत होती. ताई शेजारच्या खुर्चीतल्या मास्तरांशी टीव्हीच्या आवाजावरून भांडत होती. मास्तर हे शाळेतून निवृत्त झालेले, कानानं जरा कमी, त्यांना आवाज मोठा लागायचा आणि ताईला तो सोसायचा नाही. दोघांचं ते रोजचंच होतं आणि त्या भांडणाशिवाय दोघांनाही चैन पडलं नसतं. मग वास आला. प्लास्टिक जळल्याचा, गोडसर, किळसवाणा. असा वास आला की माणसं आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, जणू कुणीतरी कबूल करेल. आणि शेजारच्या सामानाच्या खोलीच्या दाराखालून धूर निवांत आत आला, एखाद्या ओळखीच्या पाहुण्यासारखा. जुन्या एसीची वायर पेटली होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आग लागली की माणसं पळतात. इथं पळायचं कसं, हे तिला त्या दिवशी समोर बसून कळलं. चारही खुर्च्यांमधल्या माणसांचं रक्त अंगाबाहेर होतं. ते नळीतून यंत्रात जात होतं, यंत्रातून परत येत होतं, आणि माणसं आपापल्याच रक्तानं खुर्चीला बांधलेली होती. दिवे गेले. यंत्रं केकाटायला लागली. तिथला तंत्रज्ञ मोठ्यानं ओरडून सांगत होता की कुणीही सुई उपटायची नाही, आणि एकेका यंत्राचं चाक हातानं फिरवून एकेकाचं रक्त त्याच्या अंगात परत घालत होता. चाक सावकाशच फिरवावं लागतं. घाई चालत नाही. मागं एक दार होतं. त्याच्यापुढं खोकी भरलेलं कपाट होतं, दाराला कुलूप होतं, आणि किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे होती. धूर दिव्याच्या उंचीपर्यंत उतरला होता. ताई तिला म्हणाली, "बारकी, तू खाली जा." लहानपणी आईवडिलांचं भांडण सुरू झालं की ती असंच म्हणायची, त्याच आवाजात, तू अंगणात जा. ती गेली नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं, स्टुलावरून उठणंच सुचलं नव्हतं. तिनं ताईचा हात धरला होता आणि बोटांखाली ते मांजर नेहमीपेक्षा जोरात गुरगुरत होतं. मग कुणीतरी बादल्या आणल्या, वायर विझली, खिडकी फोडली. कुणी मेलं नाही. आणि कुणी मेलं नाही म्हणजे काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात ओळसुद्धा नव्हती. मास्तर खोकता खोकता म्हणाले होते की वरच्या दारापर्यंत जाऊन आलो, पण तिथंही वेटिंग आहे म्हणाले. सगळे हसले होते. तीही हसली होती, आणि घरी जाऊन न्हाणीघरात बसून रडली होती.

त्या रडण्यातून तो प्रश्न निघाला. एरवी तिचे प्रश्न तिचा सहायक लिहायचा आणि ती सही करायची; हा तिनं स्वतः लिहिला. सभागृहात प्रश्न विचारायची एक ठरलेली भाषा असते. अमुक केंद्रात आग विझवण्याची साधनं नाहीत, हे खरे आहे काय. मागील दार बंद ठेवण्यात येते, हे खरे आहे काय. असल्यास, रुग्णांच्या जिवाला धोका आहे, हेही खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली आहे वा करण्यात येत आहे. ही शेवटची ओळ सगळ्यांच्याच प्रश्नांत असते. ती लिहायला विचार करावा लागत नाही. हात आपोआप लिहितो, पत्राखाली 'आपला' लिहावं तसा. तीन वेळा निवडून आलेल्या तिच्या हातानंही ती तशीच लिहिली. एक दार मोकळं करा, असं तिनं लिहिलं नव्हतं. वायरी बदला, आग विझवायची दोन नळकांडी टांगा, किल्ली खिळ्याला लावून ठेवा, असं काही लिहिलं नव्हतं. तसं लिहायची पद्धतच नव्हती. पद्धतीप्रमाणे तिनं कारवाई मागितली होती, आणि मागितली ती मिळाली होती. त्या ओळीवर पूर्णविराम देताना आपल्याला किती बरं वाटलं होतं हे आता दाराचा पितळी दांडा धरून उभं असताना तिला आठवलं, आणि स्वतःच्या त्या बरं वाटण्याचा तिला इतका राग आला की दाताखाली जीभ आली.

प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्या टाकून लागतो. तिचा पहिला लागला. शेकड्यांतून पहिला लागणं म्हणजे नशीबच. खालचे बहुतेक प्रश्न तासाभरात पुकारलेच जात नाहीत. ताईला सांगितलं तेव्हा ताई लहान मुलीसारखी टाळ्या पिटायची बाकी राहिली. माझी धाकटी आपल्या खोलीबद्दल सगळ्या मंत्र्यांना खडसावणार आहे, असं तिनं खोलीत जाहीर करून टाकलं. पुढचे सगळे दिवस तिथं दुसरा विषय नव्हता. योगायोगानं प्रश्नाचा दिवस नेमका त्यांचाच वार निघाला. मग खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून लावायच्या ठरल्या, मास्तरांना हवा तेवढा आवाज ठेवायला ताईनं आपणहून परवानगी दिली, आणि तंत्रज्ञ सगळ्यांना बजावून म्हणाला की आमदारताई बोलत असताना रक्तदाब वाढवून घ्यायचा नाही. काल दुपारी ताईचा फोन आला होता. उद्या तो निळा कुर्ता घाल, ती म्हणाली होती, टीव्हीवर चांगला दिसतो. तिनं निळाच घातला होता.

सभागृहात नेहमीचा वास होता, गालिच्याचा आणि बंद हवेचा. ती आपल्या जागेवर जाऊन बसली. बाकाची कड गुळगुळीत झाली होती. आधीच्या किती सदस्यांनी तिथं तळवे घासले असतील. अध्यक्षांनी तिचं नाव आणि प्रश्नाचा क्रमांक पुकारला. आरोग्यमंत्री उठले. हा माणूस वाईट नव्हता, हेच तिला त्या क्षणी फार जाचलं. वाईट असता तर बोटं मोडता आली असती. नीट भांग पाडलेला, सौम्य बोलणारा, विरोधकांच्याही मुलांच्या लग्नाला आवर्जून जाणारा माणूस. तो म्हणाला की होय, हे खरे आहे. सर्व मुद्दे खरे आहेत. आणि शासनानं केवळ मान्य करून न थांबता, रुग्णांच्या जिवाशी होणारा खेळ खपवून न घेता, सदर केंद्र काल तातडीनं बंद केलं आहे. सन्माननीय सदस्यांनी या गंभीर बाबीकडे लक्ष वेधलं याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानतो, असं तो म्हणाला आणि तिच्याकडे बघून किंचित वाकला. बाकं वाजली. दोन्ही बाजूंची वाजली, जे वर्षातून फार तर एखाद्या वेळी घडतं. तिच्या शेजारी बसणारा तिच्याच पक्षाचा म्हातारा सदस्य बाक बडवता बडवता तिच्या कानाशी म्हणाला की आज बाजी मारलीस. चारी बाजूंनी लाकडावर हात आपटत होते आणि तिला वाटलं की आपण एका खोक्यात आहोत आणि वरून कुणीतरी खिळे ठोकतंय.

उपप्रश्न विचारायचा तिचा हक्क होता. ती उठली. केंद्र बंद झालं, तर तिथले रुग्ण आजपासून कुठं जाणार, असं तिनं विचारलं. मोठ्या रुग्णालयात पर्यायी व्यवस्था आहे, मंत्री म्हणाले. तिथल्या पाळ्या आताच भरलेल्या आहेत, हे खरं आहे का? क्षमता वाढवण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे. मधल्या काळात त्या माणसांनी काय करायचं? प्रस्तावाला गती देण्यात येईल. हे सगळं तिला पाठ होतं. ती सत्तेत असताना तिच्या पक्षाचे मंत्री हीच वाक्यं बोलत आणि ती बाक वाजवायची. भिंतीवर चेंडू मारावा तसा प्रश्न जात होता आणि त्याच वेगानं परत येत होता, आणि या वेळात ताई कुठंतरी पायरीवर बसलेली असेल, तिच्या अंगात परवापासूनचं पाणी साठत होतं, पायांवर, पापण्यांखाली. ती बोलायला लागली तेव्हा तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

"अध्यक्ष महोदय, माझी एकच विनंती आहे. ते केंद्र आहे तसं आजच्या आज उघडा."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागच्या बाकांवरून हसू फुटलं आणि पुढे पसरत आलं. मंत्री हसले नाहीत. त्यांनी समोरचा कागद उचलला आणि शांतपणे म्हणाले की हा प्रश्न सन्माननीय सदस्यांचाच आहे, यात त्यांनीच लिहिलंय की तिथं रुग्णांच्या जिवाला धोका आहे. आता त्याच म्हणतात उघडा. उद्या तिथं माणसं जळाली तर जबाबदारी कुणाची?

"माझी," ती म्हणाली. "धुरात ती कदाचित मरतील. यंत्राशिवाय नक्की मरतील. माझी बहीण आहे त्यांच्यात."

ध्वनिक्षेपक बंद झाला होता, कुठल्या शब्दावर बंद झाला ते तिला कळलं नाही. अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले की वैयक्तिक बाबी सभागृहात आणता येणार नाहीत, सन्माननीय सदस्यांनी भावनेच्या भरात केलेली शेवटची विधानं कामकाजातून काढून टाकण्यात येत आहेत. आणि पुढचा प्रश्न, जो कुठल्यातरी पुलावरच्या दिव्यांबद्दल होता, पुकारला गेला. ती बसली. इतक्या वर्षांत या जागेवरून ती किती बोलली असेल, ते सगळं छापलेलं, बांधलेलं कुठल्यातरी कपाटात होतं. आजची तेवढी तीन वाक्यं राहणार नव्हती. शेजारच्या म्हाताऱ्यानं तिच्या पुढ्यात पाण्याचा पेला सरकवला. पाणी पिताना तिला आठवलं की ताईला दिवसाला मोजकंच पाणी चालतं, आणि तिनं पेला तसाच परत सरकवला.

बाहेर आली तेव्हा भावोजींचा फोन आला. सकाळी फोन का नाही उचलला, असं तिनं विचारलं, आणि विचारताना आवाज चढला. भावोजी हा मनुष्य मुळातच कुणाला त्रास होऊ नये म्हणून जन्माला आलेला. तुझ्या ताईनं उचलू दिला नाही, ते म्हणाले. आज बारकीचा मोठा दिवस आहे, उगीच जीव टांगणीला लावू नका म्हणाली. सकाळी गेलो तर दाराला लाल फीत. तंत्रज्ञ बाहेरच उभा होता, त्यालाही आत सोडत नव्हते. मग टॅक्सी करून मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथं म्हणाले, नाव लिहून जा, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात कसं चालेल असं विचारलं तर खिडकीतली बाई म्हणाली, तुमच्या आमदारांना विचारा. हे सांगताना भावोजी ओशाळले. आता ती घरी पडून आहे, ते म्हणाले, दम लागतोय थोडा. थोडा हा शब्द त्यांनी जपून उच्चारला.

गाडीत बसल्यावर तिनं जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. निदान, कधी केलं नाही असं ती भाषणात सांगायची. तिनं मोठ्या रुग्णालयाच्या अधीक्षकांना थेट फोन लावला आणि बहीण आहे म्हणून सांगितलं. त्यांनी आधी नियमांचं थोडं गाऱ्हाणं गायलं. मग म्हणाले, तुमच्यासाठी करतो, ताई. उद्या सकाळची एक जागा होईल. त्यांनी 'आहे' म्हटलं नव्हतं, 'होईल' म्हटलं होतं. अख्खं आयुष्य सरकारी उत्तरांतली क्रियापदं वाचण्यात गेलेल्या बाईला या दोहोंतलं अंतर कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रिकामी जागा असते. भरलेली जागा होते. आपण आणखी एक उपप्रश्न विचारू शकतो हे तिला माहीत होतं. ती आभारी आहे म्हणाली आणि फोन ठेवला. खिडकीबाहेर दुकानं मागे जात होती, एका दुकानाच्या दारात मुलगी काच पुसत होती, आणि काच पुसण्यासारखं साधं काम करणाऱ्या त्या मुलीचा तिला हेवा वाटला.

केंद्रावरून जाताना तिनं गाडी थांबवायला सांगितली. जिन्याच्या पायरीवर मास्तर बसले होते. सुजलेल्या पायांत चपला मावत नव्हत्या म्हणून काढून शेजारी ठेवल्या होत्या. तिला बघून ते उठायला लागले. तिनं खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. ते शिव्या देतील तर बरं होईल, असं तिला वाटलं. दोन खणखणीत शिव्या हासडल्या असत्या तर तिनं तिथंच पायरीवर बसून ऐकल्या असत्या. मास्तर म्हणाले की टीव्ही आतच राहिला, त्यामुळे तुमचं भाषण ऐकायचं राहून गेलं. काय म्हणाले मंत्री? ती म्हणाली, लवकरच सोय करतो म्हणाले. मास्तरांनी कानामागं हात धरला आणि तिला ते वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं, भर रस्त्यात. तुम्ही उभ्या राहिलात तिथंच अर्धं काम झालं, मास्तर म्हणाले. वरच्या खिडकीला त्या दिवशी फोडलेल्या काचेच्या जागी अजून पुठ्ठाच लावलेला होता.

ताई पलंगावर उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नव्हता. चेहरा फुगला होता आणि त्यामुळे सुरकुत्या गेल्या होत्या, तरुण दिसत होती. स्वेटरची बाही तशीच उघडी होती. ती शेजारी बसली आणि तिनं शिरेवर बोटं ठेवली. गुरगुर चालू होती. भावोजी आत भांडी उगीचच जागची हलवत होते. निळा छान दिसतोय, ताई म्हणाली. तिनं उद्याच्या सकाळचं सांगितलं, अधीक्षकांशी बोलणं झालंय, जागा होईल, गाडी पाठवते. घाईघाईनं, एका दमात सांगितलं.

ताईनं डोळे मिटले होते. "एकच जागा?" तिनं विचारलं.

"हो."

"कुणाची?"

रिकामी होती, असं म्हणता आलं असतं. सभागृहात तिनं याहून मोठ्या थापा पचवल्या होत्या. पण ताईनं शाळेतल्या तिच्या सगळ्या थापा पकडल्या होत्या, आणि आता तर ताईचा हात तिच्या हातात होता. ताईनं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं, आणि तिला वाटलं की ताई आता नाही म्हणेल. कुणा अनोळखी माणसाला उठवून मी बसणार नाही म्हणेल. लहानपणापासून ताई अशीच होती. पाहुण्यांची पोरं आली की स्वतःची गादी द्यायची. आणि ती नाही म्हणाली तर आपण तिचे पाय धरायचे, हेही तिनं ठरवून टाकलं.

"मला मरायची फार भीती वाटते गं बारकी," ताई म्हणाली. "धुराच्या दिवशी नव्हती वाटली. आज टॅक्सीत वाटली. मी विचारत नाही कुणाची ते. तूही मला सांगू नकोस."

तिनं मान हलवली. ताई रडली नाही. तिनं नुसतं पाणी मागितलं, एक घोट, आणि तोंडात धरून ठेवलं. आपल्याला बरं वाटायला हवं, असं तिला वाटत होतं, आणि बरं वाटतही होतं. त्या बरं वाटण्याखाली काय आहे हे उघडून बघायची तिची तयारी नव्हती. तेवढ्यात दार वाजलं. भावोजींनी उघडलं. मास्तर होते, चपला हातात घेऊन. जिना चढून आल्यामुळे बोलायला त्यांना वेळ लागला. तिला तिथं बघून ते संकोचले, आणि तिच्याशी काही न बोलता त्यांनी ताईकडे बघून विचारलं, "तुमचा लागला का कुठं नंबर?"

ताईनं तोंडातलं पाणी गिळलं. "नाही हो मास्तर," ती म्हणाली, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "अजून कुठंच नाही."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. मग सगळ्यांचं सारखंच आहे म्हणायचं, असं ते म्हणाले. मला उगीच वाटलं, आपला एकट्याचाच राहिला की काय. त्यांनी तिला नमस्कार केला, भावोजींना काळजी घ्या म्हणाले आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागले. त्यांची पावलं खाली पोचेपर्यंत तिघंही ऐकत राहिली. भावोजींनी दार लावून घेतलं.

"उद्या किती वाजता निघायचं?" ताईनं विचारलं.